ललिताजींचा चेहरा

(रायपूरच्या चौबे कॉलोनीत, आपापल्या घरातले पहिले पदवीधर असलेल्या तरुणांसमोर केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘दूरदर्शनचे ते दिवस’. निमंत्रणावर लाकडी शटरच्या टीव्हीचं चित्र छापलंय. ते पाहून मला हसू आलं. तसा टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तो याच चौबे कॉलोनीत, इथून दोन गल्ल्या सोडून, एका घराच्या उंबऱ्याबाहेर बसून.

आम्ही गुढियारीत राहायचो, रेल्वे लाइनीच्या पलीकडे. आजोबा भंडाऱ्याकडून कामाच्या शोधात आलेले. बाबा बाजारात हमाली करायचे, माय इकडे चार घरची धुणीभांडी करायची. रविवारी शाळा नसायची, म्हणून मी तिच्याबरोबर यायची. ते घर मराठी होतं. मायला त्याचं बरं वाटायचं, निदान भाषा तरी आपली. पण बसायला मला पोतं वेगळं होतं आणि ते दाराबाहेर असायचं. कुणी हाकललं नाही, कुणी जात काढली नाही. पोतं कुठे टाकायचं हे मला माहीतच होतं. ते कधी आणि कुणी शिकवलं, हे आज कितीही आठवलं तरी आठवत नाही.

२५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. घरातले सगळे अंघोळी करून बसायचे, टीव्हीला हार, समोर उदबत्ती. शेजारपाजारचे यायचे, तेही आत बसायचे. माझ्यापुढे नुसत्या पाठी. त्यामुळे मला राम कमी आणि लोकांच्या माना जास्त आठवतात. कुणाच्या मानेवर चामखीळ होती, तेही सांगू शकेन.

आणि माय? माय मागे मोरीत. तेवढ्या वेळात तिची भांडी उरकायची. तिला टीव्ही दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. मालिकेपेक्षा जाहिराती तिला जास्त पाठ, कारण जाहिरात लागली की घरातले उठून चहा मागायचे. जाहिरात म्हणजे तिच्यासाठी हाक यायची वेळ.

त्यातली एक सर्फची. तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निरमा काढली आणि स्वस्त पावडरीने बाजार खाल्ला. तेव्हा महागाची पावडर घेण्यात शहाणपण कसं आहे ते पटवायला सर्फवाल्यांनी ललिताजी आणल्या. हिशोबी, ठाम, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. कविता चौधरींनी ते काम केलं होतं. पुढे त्यांनीच १९८९ मध्ये ‘उडान’ ही मालिका केली, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची. ती मालिका मला आजही प्रिय आहे, तीही उंबऱ्याबाहेरून पाहिलेली.

तर गेल्या वर्षी मी मायला मोबाइलवर ती जुनी जाहिरात दाखवली. माय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. आवाज सुरू होताच ती पुढचं बोलायला लागली, तोंडपाठ. मग थांबली, फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, “हे होय का ललिताजी? मले वाटे बुढी असन.”

मायने ललिताजींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आवाज पाठ असून जवळपास चाळीस वर्षांनी.

त्या घरी सर्फच होता. मालकीणबाई चमच्याने मोजून द्यायच्या आणि डबा परत कपाटात ठेवायच्या. आमच्या घरी पिवळी वडी, ती दोरीने कापून वापरायचो. जाहिरातीत बाजारातून पावडर आणणारी बाई दिसते, पांढराशुभ्र शर्ट दिसतो. त्या शर्टाला घासणारे हात या कॉलोनीत तरी माझ्या मायचे होते. मी हे तिला समजावून सांगायला गेले, तर ती म्हणाली, “मग? पैसे देत होते ना.” तिचंही खरं आहे. चार घरच्या त्या पैशांतूनच माझी फी गेली.

रायपूरचा आणि टीव्हीचा संबंध त्याहून जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतली २४०० गावं, त्यात आपल्या रायपूरकडचीही. गावाला मिळून एक संच. सरकारी कागदात लिहितात, ‘सामुदायिक दर्शन’. गावात समुदाय म्हटलं की कोण कुठे बसणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शनचं केंद्र आलं.

आणि १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला. प्रेमचंदांची कथा, चित्रीकरण छत्तीसगडमध्ये. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला दुखी चांभार पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो, तो तिथेच मरतो आणि त्याचं प्रेत दोरीने ओढत नेऊन टाकलं जातं. ओम पुरी दुखी, आणि दोन मराठी माणसं समोरासमोर: स्मिता पाटील दुखीची बायको, मोहन आगाशे पंडित. स्मिता पाटील तर मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. म्हणजे टीव्हीसाठी केलेला, आपल्या मातीत केलेला सिनेमा. आमच्या वयाच्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे ‘रामायण’, ‘महाभारत’, बजाजची स्कूटर रोज येतात. मी ‘सद्गती’ कुणाला आठवतो का विचारलं. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने लिहिलं, “जुन्या आठवणींत राजकारण नको.” मी ग्रुप सोडला नाही. सोडायला हवा होता का, तुम्ही सांगा.

आता कागदाबद्दल. माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला मी त्या घरच्या रद्दीवर शिकले. फळीवर अंथरायला म्हणून माय नागपूरचे जुने पेपर आणायची. ‘ळ’ हे अक्षर मला तिथे भेटलं. रविवारच्या अंकात छोट्या जाहिराती असायच्या, छोटी वाक्यं, वाचायला सोपी. वधू पाहिजे, वर पाहिजे. त्यात एकदा वाचलं, ‘जातीची अट नाही, एस.सी., एस.टी. क्षमस्व’. मी बाबांना विचारलं, क्षमस्व म्हणजे काय? ते म्हणाले, माफी मागतात. मला वाटलं, चला, कुणीतरी आपली माफी मागितली.

हसा, हसा. मीही नंतर हसले.

जाहिरातीचा हा दरवाजा आपल्यासाठी आधीपासूनच बंद आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं, तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला होता. टिळक तेव्हा हयात होते.

पण आपल्याकडेही कागद होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला राज्यं बदलली. आजोबांना मात्र रायपूर-नागपूर हा एकच मुलूख. विजयादशमीला आम्ही गाडीत दाटीवाटीने बसून दीक्षाभूमीला जायचो. परत येताना पिशवीत पातळ पुस्तिका, बाबासाहेबांचं कॅलेंडर, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची कॅसेट. आमच्या घरात रद्दीतून न आलेला, विकत घेतलेला पहिला छापील कागद तो. कॅलेंडरचं वर्ष संपलं तरी ते भिंतीवरून निघायचं नाही. आजही रात्री झोप आली नाही की मला ‘रामायणा’ची धून आठवत नाही, त्या डब्यातल्या पुस्तिकांचा गोंदाचा वास आठवतो.

दूरदर्शनच्या मालिका लोकांनी इंटरनेटवर चढवल्या, जाहिरातीसुद्धा. त्या राहतील. या पुस्तिका कुणी चढवल्या? पुष्कळांवर तर छापखान्याचं नावही धड नाही. आमच्या पेटीतल्या अर्ध्याअधिक वाळवीने खाल्ल्या. उरलेल्या एकोणीस मी आज सोबत आणल्यात, मागे टेबलावर आहेत. हात लावा, पण पानं सावकाश उलटा. आणि तुमच्या घरी आजीच्या पेटीत असं काही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला जाण्याआधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा. मुखपृष्ठाचा आणि मागच्या पानाचाही, कारण किंमत आणि पत्ता तिथे असतो. ज्यांना जमेल त्यांनी चहा झाला की थांबा, पहिली पुस्तिका आत्ताच करून टाकू.