पोटखराब्यातले रहिवासी



पाऊस लांबला की माणदेशात बेडकाची आठवण होते. पाऊस यावा म्हणून कोणी धोंडी काढतो. पण बेडूक पाऊस पाडत नाही. आपल्या माळावरचा मातीत राहणारा बेडूक मागच्या पायांनी जमीन उकरतो, उन्हाळा खाली काढतो आणि पाऊस मुरला की वर येतो. बोलावणारा पाऊस, येणारा बेडूक, एवढे आधी ध्यानात घ्यावे.

आपला सातारा जिल्हा दोन टोकांचा. माणला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोयनेला त्याच्या कितीतरी पट. त्या कोयना परिसरातील एका लहानशा टोडाचे, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाचे, वर्णन सोमण यांनी १९६३ साली केले. तो कोयना टोड. पुढे २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातील आंबोलीचा त्याचा भाऊबंद वेगळी जात म्हणून जगापुढे मांडला. त्याच्या कुशीवर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी असते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत कोयना टोडाची नोंद ‘संकटग्रस्त’, तर आंबोली टोडाची ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

असे का झाले? सुरुवातीच्या पावसात जांभ्या खडकाच्या सड्यावर खोलगट जागी थोडे पाणी साचते. हा टोड तेथेच अंडी घालतो. पाणी आटण्याआधी पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. त्या डबक्यावरून गाडीचे चाक गेले की वीण संपली. रस्ता ओलांडताना चिरडले जातात ते वेगळेच.

कोयनेला १९८५ साली अभयारण्य झाले, त्याचा आधार आहे. पण सगळे सडे अभयारण्यात नाहीत. सातबाऱ्यावर अशा खडकाची नोंद ‘पोटखराबा’ होते. ज्यात पीक येत नाही ते खराब, असा आपला हिशेब. कोयना धरणात गावे उठली, माणसांचे पुनर्वसन झाले. ते कसे झाले हे धरणग्रस्त जाणतात. आंबोलीच्या टोडाला तर दुसरे गावच नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपला माळही कागदावर पडीकच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती नोंदवही मागून पाहा. पहिल्या पावसात वही घेऊन माळावर जा. पाणी कोठे साचते, किती दिवस टिकते, त्यात अंडी दिसतात का, ते तारखेसह लिहा. अंड्यांना हात लावू नका. मुरूम काढण्याचा विषय ग्रामसभेत आला तर ती वही पुढे ठेवा. ज्याची नोंद नाही त्याची बाजू कोणी घेत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.