फोनवरचे स्थळ



कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोप नावाची आमची वस्ती आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने १९८० नंतरच्या दशकात येथे लहान लहान भूखंड आखून दिले आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे त्यावर घर बांधले. मधे अंगण, भोवती घरे. कोणाकडे पाहुणा आला आणि किती वेळ बसला, हे सगळ्या अंगणाला ठाऊक असते. या वस्तीत मी बावीस वर्षे वधूवरसूचक मंडळाची वही सांभाळली. स्थळे सुचवली, पत्रिका पोहोचवल्या, कांदेपोह्यांच्या बश्याही पुष्कळ उचलल्या. तेव्हा ओळखीपाळखी जुळवण्यावर चार शब्द बोलायचा मला थोडा अधिकार आहे. आजचा विषय मात्र नेहमीचा नाही.

माझी एक भाची आहे. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली. पण ती मनाने मुलगीच, आणि गेली काही वर्षे स्त्री म्हणूनच राहते, नोकरी करते. अशा स्त्रीला पारलिंगी किंवा ट्रान्स स्त्री म्हणतात. आम्ही घरच्यांनी आधी नाके मुरडली, मग हळूहळू सवय झाली. एके दिवशी ती मला म्हणाली, "मावशी, तुझ्या वहीत माझं नाव लिहिशील का?" मी म्हटले, "बघू." आपल्याकडे "बघू" म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझी वही तिला मिटलेली राहिली. मग तिने फोन उघडला. हल्ली डेटिंग ॲपवर आपला फोटो आणि चार ओळींची माहिती टाकली, की अनोळखी माणसे परस्परांना पसंती कळवतात. २०१८ साली टिंडर या ॲपने भारतात स्त्री आणि पुरुष यांखेरीज आणखी २३ ओळखी नोंदवण्याची सोय केली. म्हणजे माझ्या वहीत जो रकाना नव्हता, तो तेथे होता.

एक गृहस्थ महिनाभर तिच्याशी गोड बोलला. भेटायचे ठरले तेव्हा त्याने रात्रीची वेळ आणि मित्राची खोली सुचवली. ही गेली. तेथे दोघे जण होते. त्यांनी फोन हिसकावला, नको तसे फोटो काढले, आणि पैसे दे, नाहीतर हे फोटो तुझ्या कचेरीत पाठवतो, अशी धमकी दिली. जवळ होते नव्हते ते तिने दिले. आठ दिवस ती कोणाशी बोलली नाही. पुढे मला कळले तेव्हा मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू म्हणाली असतीस, कशाला गेलीस?" श्रोतेहो, खरे सांगते, मी अगदी तसेच म्हणाले असते.

त्यानंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. पूर्वी स्थळ आले की मधे कोणीतरी मध्यस्थ असे. मुलगा काय करतो, राहतो कोठे, व्यसन आहे का, याची तो चार ठिकाणी चौकशी करी. काही वावगे झाले तर त्याला जाब विचारता येई. फोनवरच्या स्थळाला मध्यस्थ नाही. मग ते काम आपले आपणच करायला हवे. भाचीने आणि मी मिळून त्याचे काही नियम ठरवले. ते तुम्हाला सांगते.

पहिला नियम चौकशीचा. नुसत्या फोटोवर विसंबू नये. भेटण्याआधी एकदा तरी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलावे. जो माणूस दर खेपेला सबब सांगून तोंड दाखवायचे टाळतो, त्याला तेथेच रामराम करावा. आपला फोटो टाकताना मागे सोसायटीची पाटी किंवा कचेरीचे नाव दिसत नाही ना, हे पाहावे. घरचा पत्ता पहिल्याच आठवड्यात कोणाला देऊ नये.

दुसरा नियम सांगण्याचा. आपण पारलिंगी आहोत हे कधी सांगावे? हा हक्क त्या स्त्रीचा. न सांगणे ही फसवणूक, असे मी म्हणणार नाही. पण प्रत्यक्ष भेटीपूर्वी संदेशातून सांगितलेले बरे, असे माझ्या भाचीचे मत झाले आहे. बंद खोलीत ऐकणाऱ्याचे डोके फिरले तर धावून येणारे कोणी नसते. तेच लिहून कळवले, तर ज्याला नको तो दुरूनच निघून जातो. वाईट वाटते खरे, पण जीव सुखरूप राहतो.

तिसरा नियम भेटीचा. पहिली भेट दिवसा आणि माणसांत. आमच्याकडे कांदिवली पश्चिम आणि डहाणूकरवाडी ही मेट्रोची स्थानके आहेत. त्यांच्या आसपास एखादे वर्दळीचे उपाहारगृह बघावे. खारफुटीकडे जाणाऱ्या निर्जन रस्त्याला भेटायला जाऊ नये. जायचे यायचे आपल्या पायांनी, त्याच्या गाडीतून नाही. आणि कोठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, हे एका विश्वासाच्या माणसाला कळवून जावे.

चौथा नियम धमकीचा. पैसे देऊ नयेत. एकदा दिले की तो पुन्हा मागतो. संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जिवाला धोका वाटला तर ११२ आहेच. खंडणी मागणाऱ्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणाच्याही गुप्तांगांचे फोटो संमतीवाचून काढणे वा पाठवणे, यालाही माहिती तंत्रज्ञान कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. तेथे स्त्री, पुरुष, पारलिंगी असा भेद नाही.

आता दोन शब्द पुरुषमंडळींशी. तुमच्यापैकी कोणाला अशी मुलगी आवडली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण आधी "कशी आहेस, जेवलीस का" असे विचारावे की नाही? हे पहिल्याच दिवशी विचारतात, ऑपरेशन झाले का, आधीचे नाव काय होते, जुना फोटो दाखव. वधूपरीक्षेला गेलेल्या माणसाने असे प्रश्न विचारले असते, तर मुलीच्या मामाने त्याला जिना दाखवला असता. तिने होऊन सांगितले तर ऐकावे. नाही सांगितले तर राहू द्यावे.

जमत नसेल तर "मला जमणार नाही, क्षमा करा" एवढे लिहावे. शिवीगाळ करू नये, तिचा फोटो मित्रमंडळींत फिरवू नये. आणि सावधगिरीचे जे नियम तिला, तेच तुम्हालाही. खोटे फोटो लावून पुरुषांना बोलावणाऱ्या आणि "घरी सांगू" म्हणून लुबाडणाऱ्या टोळ्या असतात. अशा वेळी तक्रार तुम्हीही करावी.

भाची एकदा म्हणाली, "मावशी, रात्री बारा वाजता बोलणारे पुष्कळ आहेत. दुपारी बारा वाजता बरोबर चालणारा पाहिजे." यावर मी काय बोलणार?

कायदा याच्या आड येतो, अशी कित्येकांची समजूत असते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. शेजारच्या मालाडला मालवणीत गौरी सावंत यांची 'सखी चारचौघी' ही संस्था २००० सालापासून या मंडळींसाठी काम करीत आली. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीही येते, असे सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी स्त्री आणि पुरुष यांना प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येतो, हे मान्य केले. तेव्हा नुसते हिंडणे-फिरणेच नाही, रीतसर संसारही होऊ शकतो.

शेवटी आम्हा वडीलधाऱ्यांविषयी. चौकशी कशी करावी, भेटावे कोठे, हे मुलींना शिकवता येते. पण "एका विश्वासाच्या माणसाला कळवून जावे" असे मी मघाशी म्हटले, तो माणूस आणायचा कोठून? घरी बोलणी खावी लागतील या भीतीने ती पोर आठ दिवस गप्प बसली होती. चोरांनी तिचे पैसे नेले. ती गप्प राहिली, त्याला मात्र आम्ही कारण होतो. तुमच्या घरी, नात्यात, शेजारी अशी कोणी असेल, तर तिला एवढेच सांगा, की जाताना कळव, आणि काही झाले तर आधी मला फोन कर. कशाला गेलीस, हे मी विचारणार नाही.

मंडळाची वही आता मी दुसऱ्या बाईंकडे सोपवली आहे. सोपवण्याआधी शेवटच्या पानावर भाचीचे नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, सगळे व्यवस्थित लिहिले. अजून स्थळ आलेले नाही. गेल्या रविवारी ती कोणाला तरी भेटायला गेली होती. दुपारी साडेबाराला फोनवर एकच शब्द आला, "पोहोचले." तीन वाजता दुसरा आला, "निघाले." मी चहाचे आधण ठेवले.