स्ट्राइक आणि संप



माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या फलकावरच्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्या नोटिसांत पुन्हा पुन्हा भेटलेल्या एका शब्दाविषयी आज बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘स्ट्राइक’.

हा शब्द मोठा बहुरूपी. घड्याळाने टोला दिला तरी स्ट्राइक, काडेपेटीवर काडी ओढली तरी स्ट्राइक. फलंदाज चेंडू खेळायला उभा राहिला की तो स्ट्राइकवर. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ घासणे, हात फिरवणे असा होता. ‘स्ट्रोक’ हा त्याचाच भाऊबंद. मारण्याचा अर्थ मागाहून आला. त्यामुळे पुष्कळांना वाटते, की कामगारांचा स्ट्राइक म्हणजे मालकाला हाणलेला तडाखा! पण जहाजाचे शीड खाली घेण्यालाही स्ट्राइकच म्हणत. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी शिडे उतरवली आणि जहाजे जागच्या जागी थांबवली. काम थांबवण्याला हे नाव पडले ते तेथून.

आता आपले शब्द पाहा. ‘हरताळ’ हा बाजारपेठेचा शब्द. हट्ट म्हणजे बाजार, त्याला लावलेले ताळे म्हणजे कुलूप. पोथीतली चूक झाकायला फासत तो पिवळा हरताळ निराळा. आणि कामगारांचा शब्द ‘संप’. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे आजही एकी, सलोखा. इंग्रजी शब्द शिडाची आठवण ठेवतो. आपला शब्द शीड उतरवण्याआधी काय लागते ते सांगतो.

ही एकी सोपी नसते. मुंबईचा १९२८ चा गिरणीसंप सुमारे सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. पण त्याच गिरण्यांत अधिक मजुरीचे विणखाते दलित कामगारांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, एवढ्यावरून विटाळ! हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. भावाला दाराबाहेर ठेवून एकी कसली?

तोच प्रश्न आज आपल्या दारात आहे. आपल्या तालुक्यात वालचंदनगर आहे, साखर कारखाने आहेत. गाळपाच्या हंगामात एकाच बॉयलरच्या धगीत कायम कामगार, हंगामी कामगार आणि कंत्राटी कामगार उभे असतात. घाम एक, पगार वेगळे. नुसत्या कायम कामगारांनी काम थांबवले, तर कायद्याच्या भाषेत तो स्ट्राइक होईल. त्याला संप म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने अर्ध्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपातच धरली आहे. एकट्याने घेतलेल्या रजेला अजून तरी बंदी नाही. म्हणून आता मी आपली रजा घेतो.