नाशिकच्या गुरू, इराणच्या शिष्या



इंडोनेशियातील जकार्ता शहरी २४ ऑगस्ट २०१८ रोजी महिलांच्या कबड्डीचा एक सामना झाला. आशियाई क्रीडास्पर्धांतील तो अंतिम सामना होता. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. हा खेळ या स्पर्धांत मुलींसाठी खुला झाल्यापासून दोन्ही वेळा, म्हणजे २०१० साली ग्वांगचौ येथे आणि २०१४ साली इंचॉन येथे, सुवर्णपदक भारताकडेच आले होते. तिसऱ्या खेपेस ते आले नाही. इराणने २७ विरुद्ध २४ गुणांनी बाजी मारली. कबड्डीत तीन गुणांचे अंतर ते काय! एक चांगली चढाई आणि एक चांगली पकड, इतकेच.

या पराभवाच्या वार्तेला एक दुसरे अंग होते, आणि आजच्या भाषणाचा विषय तेच आहे. विजयी इराणी मुलींच्या शिक्षिका श्रीमती शैलजा जैन या आपल्या नाशिकच्या. पराभूत भारतीय संघात पुण्याची सायली केरिपाळे आणि मुंबईची सोनाली शिंगटे या दोन मराठी मुली होत्या. मध्यरेषेच्या एका अंगास महाराष्ट्राच्या लेकी आणि दुसऱ्या अंगास महाराष्ट्राचीच गुरू, असा तो विलक्षण योग होता. कोणाच्या जयाने हर्ष मानावा, असा पेच त्या दिवशी पुष्कळ घरांतून पडला असल्यास नवल नाही.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, मराठवाड्याच्या शिवेलगत धाड नावाचे गाव आहे. तेथे, किंवा तशा कोणत्याही गावी, कबड्डी म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नाही; जुनी माणसे तर तिला अद्याप हुतूतूच म्हणतात. टाचेने मातीत रेघ ओढली की मैदान सिद्ध झाले. चेंडू नको, फळी नको, जाळे नको. सावकाराच्या मुलास मजुराच्या मुलापेक्षा तेथे काडीचाही अधिक अधिकार नाही. मात्र येथे ‘मुलास’ हा शब्द आला तो सहजगत्या आलेला नव्हे. मुलींनी अंगणात फुगडी घालावी, झिम्मा खेळावा, फार तर लंगडी घालावी, अशी आपल्या समाजाची रीत होती. हुतूतू हा अंगाशी अंग भिडविण्याचा, पाय धरून लोळविण्याचा खेळ. तो मुलीने चार माणसांदेखत खेळावा हे वडीलधाऱ्यांस रुचत नसे. गुडघे फुटलेली मुलगी घरी आली तर जखमेची विचारपूस मागून होई आणि जाब आधी विचारला जाई.

वास्तविक या खेळाला नियमांचे रूप दिले ते बव्हंशी मराठी मंडळींनीच. देशात तो नाना नावांनी खेळला जात असे. बंगालात हाडुडू, तामिळ मुलखात चेडुगुडु, आपल्याकडे हुतूतू. नियम ठिकठिकाणी निराळे आणि भांडणे मात्र सर्वत्र सारखी! बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम ठरवून सामने भरविले. पुढे १९३४ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्या नियमांची घडी अधिक नीट बसविली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक भरले असता अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्यांत हा खेळही होता. वऱ्हाडातून उठून माणसे बर्लिनपर्यंत गेली आणि तेथील लोकांस हुतूतू दाखवून आली, ही गोष्ट अमरावतीपासून धाडपर्यंतच्या प्रत्येक शाळेत मुलांच्या कानी पडावयास हवी. ती फारशी पडत नाही.

आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंग येथे आली. मुलींस आणखी वीस वर्षे वाट पाहावी लागली. २०१० साली त्यांना प्रवेश मिळताच भारताने अंतिम सामन्यात थायलंडचा २८ विरुद्ध १४ असा फडशा पाडला. इराणच्या वाट्यास कांस्यपदक आले. २०१२ साली पाटण्यास महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तेथे अंतिम फेरीत समोर इराणच होता, आणि भारताने २५ विरुद्ध १९ असा विजय मिळविला. त्या संघात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या, व राज्य सरकारने प्रत्येकीस एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. एरवी मुलींच्या खेळाकडे वळूनही न पाहणाऱ्या मंडळींनी त्या दिवशी वर्तमानपत्र दोनदा वाचले असेल! २०१४ साली पुन्हा इराण, आणि पुन्हा भारताचा जय. ३१ विरुद्ध २१. सहा गुणांचे अंतर दहांवर गेले. जिंकणाराने निर्धास्त व्हावे असेच हे आकडे होते. परंतु कांस्य, उपविजेतेपद, रौप्य अशा पायऱ्या चढत एकच प्रतिस्पर्धी वारंवार दाराशी येत आहे, ही गोष्टही त्याच आकड्यांत लिहिलेली होती.

इराणास हा खेळ अगदीच परका नव्हता. श्वास रोखून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचा ‘झू’ नावाचा एक जुना खेळ त्या देशात आहे. शिवाय मल्लविद्या तर त्यांच्या रक्तातच मुरलेली. आपण ज्याला ‘कुस्ती’ म्हणतो आणि जी खेळणाराला ‘पहिलवान’ म्हणतो, ते दोन्ही शब्द मुळात फारसी भाषेतून आपल्याकडे आले. दोन शब्द आपण त्यांचे घेतले. त्यांनी आपला ‘कबड्डी’ हा एक शब्द घेतला, आणि शब्दाबरोबर खेळही घेतला. पकड करणाऱ्याच्या अंगी जी ताकद आणि जो तोल लागतो तो त्यांच्याकडे होता. उणे होते ते डावपेचांचे शिक्षण.

ते देण्याचे काम २०१७ साली शैलजाबाईंकडे आले. तोपर्यंत सुमारे तीन दशके त्या महाराष्ट्रात कबड्डी शिकवीत आल्या होत्या. भारतीय संघाच्या शिक्षकपदाची त्यांची इच्छा होती. ते पद त्यांना लाभले नाही, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखविली. साठीच्या घरात पोचलेल्या बाईने परमुलखात, अनोळखी भाषेत, निराळ्या वेषात आणि निराळ्या रीतिरिवाजांत जाऊन नव्याने शाळा मांडावी, हे सोपे खचितच नव्हते. त्यांनी पहिले काम केले ते फारसी शिकण्याचे. दुभाष्याच्या तोंडून डाव सांगता येतो. ‘आता थांब’, ‘आता झेप घे’ हे सांगता येत नाही, कारण दुभाष्याचे वाक्य पुरे होईपर्यंत चढाई करणारी परत आपल्या घरी पोचलेली असते.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती अशी की, मुलींच्या नित्यक्रमात योगासने आणि प्राणायाम आणून बसविले. पुष्कळांस ही केवळ शोभेची गोष्ट वाटेल. परंतु कबड्डीपुरती तरी ती नव्हे. चढाई करणारीने ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष एका दमात, न तुटता आणि पंचांस ऐकू येईल असा चालू ठेवावयाचा असतो. चढाईस मुदत अवघी तीस सेकंदांची. इतका वेळ दम धरणे निरोगी मुलीस अवघड नाही, हे खरे. पण नुसते उभे राहून दम धरणे निराळे आणि सात जणींच्या घोळक्यात वाकत, फिरत, पाय मागे झाडीत दम धरणे निराळे. दम तुटू लागला की प्रथम डोके बिघडते, मग पाय चुकतो. मुलींचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक पक्षाच्या वाट्यास आलेली जागा एखाद्या मोठ्या दिवाणखान्याएवढी. तेवढ्यात चुकलेल्या पावलास क्षमा नसते. श्वास ज्याच्या ताब्यात, त्याला तीस सेकंद पुष्कळ वाटतात.

जकार्ता येथे भारतीय कबड्डीवर आदल्याच दिवशी एक आघात होऊन गेला होता. उपान्त्य फेरीत पुरुषांचा संघ इराणकडूनच २७ विरुद्ध १८ असा पराभूत झाला होता. १९९० पासून त्या संघाने सुवर्णपदक कधी हातचे जाऊ दिले नव्हते. मुलींचा सामना सुरू झाला तो हे ओझे डोक्यावर घेऊनच. मध्यंतरापर्यंत भारत १३ विरुद्ध ११ असा पुढे होता. उत्तरार्धात पारडे फिरले. इराणी मुली घाई करीत नव्हत्या. त्या वाट पाहत, चढाई करणारीस आत येऊ देत, आणि ती परतू लागली की दोघी-तिघी मिळून तिला घेरीत. अखेरच्या मिनिटांत भारताने अंतर कमी करीत आणले. पण वेळ संपला. इराणी मुलींच्या आनंदास पारावार राहिला नाही, आणि त्यांच्या घोळक्यात नाशिकच्या शैलजाबाई उभ्या होत्या.

आता असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे की, आपली विद्या परक्यांस देऊन आपल्याच देशाचा पराभव घडवून आणावा, हे योग्य काय? युद्धाच्या बाबतीत हा प्रश्न रास्त ठरेल. खेळाच्या बाबतीत तो गैरलागू आहे. खेळाचे गुपित तिजोरीत ठेवता येत नाही. ते भर मैदानात, हजारो डोळ्यांदेखत मांडावे लागते. शिवाय शिक्षकाचे कर्तव्य समोर बसलेल्या शिष्याशी असते. धाडच्या शाळेत शिकविणारा मास्तर बदली होऊन पलीकडच्या भोकरदनास गेला, तर तेथील मुलांस तो गणित हातचे राखून शिकविणार काय? उलट, ज्याने हातचे राखले त्यालाच आपण दोष देऊ. विचारावयाचा असेल तर प्रश्न निराळा आहे. तीन दशके मुलींना घडविणारी अशी शिक्षिका आपल्याकडे असताना तिच्या विद्येचा उपयोग करून घेण्याची बुद्धी परदेशास आधी का व्हावी?

खेळ आपले जन्मघर सोडून जातात आणि कित्येकदा परक्या अंगणात अधिक वाढतात, याचे दुसरे उदाहरण आशियातच आहे. हँडबॉल हा खेळ युरोपातला. सात-सात जणींचे दोन संघ हाताने चेंडू फेकून प्रतिपक्षाच्या जाळ्यात घालतात, असा तो खेळ. त्याचे आजचे रूप डेन्मार्क व जर्मनी या देशांत घडले. १९१७ साली बर्लिन येथे माक्स हायझर नावाच्या गृहस्थाने जे नियम बांधले ते तर मुलींसाठीच. परंतु १९८८ साली सोल येथे आणि १९९२ साली बार्सेलोना येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक नेले ते दक्षिण कोरियाच्या मुलींनी. बार्सेलोनाच्या अंतिम सामन्यात त्यांनी नॉर्वेचा २८ विरुद्ध २१ असा पराभव केला. युरोपने आपला खेळ शिकविला आणि धडाही घेतला. आशियाई महिला हँडबॉल अजिंक्यपदाची स्पर्धा १९८७ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या आठही खेपा कोरियानेच जिंकल्या. पण डिसेंबर २०२४ मध्ये हीच स्पर्धा नवी दिल्लीस भरली, तेव्हा जपानने कोरियास एका गोलाने, २५ विरुद्ध २४ असे हरविले. कोरियात त्या दिवशी कोणी खेळाच्या मालकीचा दावा सांगितला असेल असे वाटत नाही.

जकार्ताचा धक्का भारतीय कबड्डीस लागला, आणि तो बरा लागला. पुढील आशियाई स्पर्धा चीनमधील हांगचौ येथे एक वर्ष उशिराने, २०२३ साली झाल्या. तेथे ७ ऑक्टोबर रोजी भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात चिनी तैपेईस २६ विरुद्ध २५, म्हणजे अवघ्या एका गुणाने नमविले. त्या स्पर्धांत भारतास मिळालेले ते शंभरावे पदक होय. इराण या वेळी अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही. म्हणजे आता दाराशी येणारे एकाहून अधिक झाले आहेत. मार्च २०२५ मध्ये आशियाई अजिंक्यपदासाठी भारताचा संघ थेट तेहरानलाच गेला आणि इराणच्या अंगणात, इराणविरुद्ध, ३२ विरुद्ध २५ असा विजयी होऊन परतला.

हांगचौ येथे भारतीय मुलींना शिकविणाऱ्यांत तेजस्विनी बाई होत्या. कर्नाटकाच्या या खेळाडूने २०१० आणि २०१४ ची दोन्ही सुवर्णपदके स्वतः मैदानात उतरून मिळविली होती.