ताईच्या फाईलमधले चार आकडे

हेडफोन लावून डोंबिवली फास्टमध्ये उभे असाल, तर आजचा एपिसोड नीट ऐका. आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बीपीबद्दल बोलायचंय. तेही गरोदरपणातल्या.

आम्ही राहतो मानपाडा रोडला. गेल्या वर्षी ताई बाळंतपणासाठी माहेरी आली. पस्तिसावा आठवडा होता. पायाला सूज होती, सगळे म्हणाले, "या दिवसांत होतंच." मग बोटातली अंगठी निघेना. आई म्हणाली, "वजन वाढलंय गं." त्या संध्याकाळी ताईचं डोकं ठणकायला लागलं. मी म्हटलं, बाहेरच्या हॉर्नमुळे असेल, झोप जरा. रात्री ती म्हणाली, "डोळ्यांसमोर चमकतंय रे काहीतरी."

रिक्षा काढली, हॉस्पिटल गाठलं. बीपी १६२/१०६. पंधरा मिनिटांनी परत मोजलं, तेवढंच. लघवीतून प्रोटीन जात होतं. डॉक्टर म्हणाले, "प्रीएक्लाम्पसिया. अजून उशीर केला असता तर झटके आले असते."

ताईला ॲडमिट केलं. बाहेर बाकावर बसून मी तिची फाईल चाळत होतो. प्रत्येक तपासणीचं बीपी त्यात लिहिलेलं होतं. ११०/७०. ११८/७६. १२८/८२. आणि दोन आठवड्यांपूर्वी १३८/८८.

ऑफिसात माझं काम काय, तर सर्व्हरचे आकडे बघत बसणं. ग्राफ असा चढला की अलार्म वाजायच्या आधीच आम्ही उठून बसतो. आणि इथे माझ्या सख्ख्या बहिणीचा ग्राफ चढत होता, आणि घरात एकालाही तिचं बीपी किती ते माहीत नव्हतं. खुद्द ताईलासुद्धा! शेवटच्या वेळी तिला सांगितलं होतं, "जरा जास्त आहे, मीठ कमी करा." आम्ही लोणचं-पापड बंद केलं आणि निर्धास्त झालो. पण मीठ कमी केल्याने हा आजार टळत नाही.

आता मी जे शिकलो, ते सांगतो.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर ते गरोदरपणातलं हाय बीपी. १६०/११० म्हणजे इमर्जन्सी, यातला एक आकडा गाठला तरी. प्रीएक्लाम्पसिया साधारण विसाव्या आठवड्यानंतर होतो. मूळ गडबड असते वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात. आणि बऱ्याचदा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून "मला बरं वाटतंय" हे बीपी न मोजायचं कारण होऊ शकत नाही.

शेवटच्या महिन्यांत बीपी थोडं वाढतंच, प्रत्येक वाढ म्हणजे आजार नव्हे. पण वाढतंय हे दिसलं, तर डॉक्टरांना विचारायचं. "नॉर्मल आहे ना?" असं नाही विचारायचं. "किती आहे? मागच्या वेळी किती होतं?" असं विचारायचं.

मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर. हात छातीच्या पातळीला. गप्पा बंद. मशीन दंडाला पट्टा लावायचं हवं, स्मार्टवॉचवर विसंबू नका.

डोकं खूप दुखणं, नजर अंधुक होणं, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, दम लागणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८ लावा. पहिली खेप, जुळं, डायबेटिस, आधीपासूनचं बीपी किंवा आधीच्या वेळी हाच त्रास असेल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. धोका जास्त वाटला तर ते बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात. स्वतःच्या मनाने मात्र घ्यायची नाही.

पैशाची अडचण असेल, तर २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. जवळचं केंद्र आशाताईंना विचारा.

ताईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं. भाची १.९ किलोची. बारा दिवस काचेच्या पेटीत. आणि बाळ झालं म्हणजे सुटलो असंही नाही, पुढचे सहा आठवडे बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा रोज सकाळी मी मोजायचो, भाऊजी वहीत लिहायचे.

आज भाची रांगते. माझ्या लॅपटॉपची चार्जरची वायर चावते.

तर आज घरी एक फोन करा. बहीण, वहिनी, बायको, मैत्रीण, जी कुणी गरोदर असेल तिला एवढंच विचारा, "तुझं शेवटचं बीपी किती होतं?" तिला आकडा सांगता आला नाही, तर फाईल उघडायला लावा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!