पाण्यातला दिवड आणि काठावरची भीती



नांदेडला गोदावरीच्या काठी आणि लातूरकडे मांजरेच्या डोहांवर आम्ही काही वर्षे सापांची छायाचित्रे घेत हिंडलो. आमच्या संग्रहातले पहिले छायाचित्र मात्र मेलेल्या सापाचे आहे. मांजरेकाठी "नाग, नाग!" अशी ओरड ऐकून आम्ही धावलो. कॅमेरा पिशवीतून बाहेर निघेपर्यंत काठीने आपले काम उरकले होते. जवळ जाऊन पाहतो तो बिनविषारी दिवड! कोणी त्याला विरोळा म्हणतात.

मारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. दिवडाला डिवचले म्हणजे तो मान चपटी करतो, अंगाचा पुढचा भाग उचलतो आणि कडकडून चावतोही. रक्त येते, पण विष चढत नाही. 1799 साली श्नायडर या जर्मन पंडिताने त्याला लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ 'मासेमार'. मासे आणि बेडूक हेच त्याचे मुख्य भक्ष्य.

त्याच्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके असतात; डोळ्याखाली एक आणि डोळ्यामागे एक अशा दोन काळ्या तिरप्या रेघा असतात. भीतीच्या भरात या रेघा कोणाला दिसणार? म्हणून आम्ही सकाळचे ऊन पाठीशी घेऊन, लांबचे भिंग लावून, काठावर स्वस्थ बसू लागलो. सापाला हात लावायचा नाही, हुसकायचे नाही. अर्ध्या तासाने तो आपणच पाण्यावर डोके काढी.

ते छायाचित्र आम्ही नांदेडच्या घाटावर धुणे धुणाऱ्या एका आजींना दाखविले. त्या म्हणाल्या, "ह्यो होय? ह्यो तर रोजचाच की!" त्या दिवशी तिथे कोणी दगड उचलला नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे विषारी सापही आपल्या महाराष्ट्रात आहेत. साप चावला तर छायाचित्राच्या भरवशावर घरी बसू नका, मांत्रिकाकडेही जाऊ नका. तडक सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावरचा उतारा तिथे मिळतो.

दिवडाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पण डोहाच्या काठी कायदा उभा नसतो, तिथे आपणच असतो. साप ओळखता आला नाही, तरी काठी उचलण्याआधी दोन पावले मागे सरा. आपलाही जीव वाचेल आणि त्याचाही.