विग, पदर आणि पाहणाऱ्यांची नजर

आपल्याकडे विंचरताना निघालेले केस बायका फेकत नाहीत. गुंडाळी करून भिंतीच्या फटीत खोचतात आणि केस घेणारा फेरीवाला आला की त्यावर एखादे भांडे घेतात. असे गुंते पुढे कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी सोडवले जातात, लांबीप्रमाणे लावले जातात, आणि त्यांतल्या कित्येकांचे अखेर विग होतात. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते, त्यांचीही वाट तीच. विगचा कच्चा माल असा आपल्याच फणीतून जातो, आणि तरीही कर्करोगाच्या औषधाने केस गेलेल्या बाईने विग घातला की तो आपल्याला परका वाटतो. विगची सवय तिला एकटीला करून चालत नाही, पाहणाऱ्यांनाही ती करावी लागते, आणि खरी अडचण बहुतेक पाहणाऱ्यांकडेच असते, एवढेच मला आज मांडायचे आहे.

केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांच्या मुळातल्या पेशी तशाच वाढतात, म्हणून गाठीबरोबर त्याही सापडतात. काही औषधांत पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी हातात येऊ लागतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे. चाई लागते तेव्हाही कीड केस खात नसते, शरीराची संरक्षक यंत्रणाच मुळांवर उलटते. दोन्हींत कोणाचा दोष नाही, दोन्ही एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. मग लाज कुठून येते? २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केसगळतीने हादरली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. कारण धान्यात दिसत असताना तोंड लपवायची वेळ मात्र खाणाऱ्यांवर आली, आणि अनेकांनी संकोचापायी उरलेले केसही काढून टाकले. बाईच्या बाबतीत या लाजेला आपल्याकडे जुना इतिहास आहे. ‘बोडकी’ ही शिवी विधवेसाठी होती. केशवपन काही जातींपुरतेच होते, पण त्या शब्दाची जरब सगळ्या समाजात पसरली. आज दवाखान्यातून आलेल्या सवाष्णीच्या मोकळ्या डोक्याकडे पाहून म्हातारी माणसे नजर वळवतात, तेव्हा त्या नजरेत आजार कमी आणि तो शब्द जास्त असतो.

यावर कोणी म्हणेल, जिवावर बेतले असताना केसांचे काय घेऊन बसलात? पण उपचार काही एका दिवसात होत नाहीत, महिनोन् महिने चालतात. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय असो की मुंबईचे टाटा, दोन डोसांच्या मधले आठवडे रुग्ण बाई घरीच असते. त्या आठवड्यांत तिला बाजारात, लग्नाकार्यात, मुलांच्या शाळेत जायचे असते. ती घरात कोंडली गेली तर आजाराने नेले नाही एवढे आपण नेले. दुसरा आक्षेप फसवणुकीचा. पण लग्नात नवरीच्या वेणीत गंगावन घालतो तेव्हा आपण कोणाला फसवत असतो? बालगंधर्वांच्या डोक्यावरचा टोप सगळ्या प्रेक्षकांना ठाऊक होता. सजण्यासाठी लावलेले केस चालतात आणि सावरण्यासाठी लावलेले खोटे ठरतात, हा न्याय मला पटत नाही. चष्मा आणि कवळी जिथे ठेवतो, तिथेच विग ठेवावा.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: आपल्या उन्हाळ्यात विग सोसत नाही. टाळूला घाम येतो, खाज सुटते. कृत्रिम धाग्याचा विग चुलीच्या आचेने किंवा कढईच्या वाफेने आखडतो, म्हणून स्वयंपाकाच्या वेळी तो काढून ठेवावाच लागतो. मानवी केसांचा विग उष्णता जास्त सोसतो, पण महाग पडतो आणि निगा मागतो. आत मऊ सुती टोपी घालावी, आधी घरातच तासभर, मग दोन तास अशी सवय करावी, आणि जमले तर केस गळायच्या आधीच निवड करावी, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. एवढे करूनही तो नकोसा वाटणाऱ्या बायका असतील, आणि त्यांचेही बरोबरच आहे. उपचार संपवून पुन्हा उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईच्या डोक्यावर मोळी येते, मोळीखाली चुंबळ. तिथे विग टिकणार नाही, सुती फडका टिकेल. पदर, फडका, उघडे डोके किंवा विग, यांतले काय हे तिने ठरवायचे. तिच्यावर विगची सक्ती करणे म्हणजे तीच जुनी लाज दुसऱ्या दाराने घरात घेणे.

ज्यांना विग हवा, त्यांचा तो नीट बसवण्याच्या कामात गावातल्या केशकर्तनालयांचा मोठा उपयोग आहे. तयार विग बहुधा गरजेपेक्षा दाट असतो, कपाळावर टोपीसारखा बसतो आणि लगेच ओळखू येतो. कात्रीने तो विरळ केला, कानाजवळ आणि कपाळावर बट सोडली, की चेहऱ्याला शोभतो. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. त्याच व्यवसायातल्या आपल्या धारूर गावच्या कारागिरांना मी विनंती करतो, की आठवड्यातली एक दुपार दुकानाचा पडदा ओढून आजारात केस गेलेल्या बायकांसाठी राखून ठेवावी.